शेठ बाहेर काही करत नाही

हौसाबाई शेठला घेऊन घरात शिरली तेव्हा ती चिंब भिजलेली होती आणि शेठ कोरडा होता. छत्री एकच, आणि ती कुत्र्याच्या डोक्यावर धरावी लागायची, नाहीतर तो गल्लीच्या टोकापर्यंत यायचाच नाही. टोकाला पोचल्यावर त्यानं आजही सगळं नीट बघून घेतलं. विजेचा खांब हुंगला, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा बांबू हुंगला, चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर बसलेल्या बेडकाशी ओळख करून घेतली. केलं काही नाही. हौसाबाईनं विनवलं, रागावली, मग स्वतःच तोंडानं 'स्सस्स' करून बघितलं. त्या आवाजानं शेजारच्या घरातलं लहान पोर मोकळं झालं, असं नंतर कळलं. शेठवर काही परिणाम नाही.

घरात आल्यावर त्यानं पाय पुसून घेतले आणि ऐटीत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत योगिनी, म्हणजे हौसाबाईची सून, मिक्सरवर चटणी वाटत होती. कुकरची शिट्टी झाली. बाहेर संदेशनं, म्हणजे मुलानं, मोटारसायकलला किक मारली. मोबाइलवर केळशीहून हौसाबाईच्या थोरल्या बहिणीचा, जनीचा, रोजचा सकाळचा फोन आला. हौसाबाई फोन स्पीकरवरच ठेवायची, तरी जनी ओरडूनच बोलायची. केळशी ते रत्नागिरी हे अंतर आपल्या गळ्यानंच पार करायचंय अशी तिची समजूत होती.

"हौसाऽ, उठलीस काय गो?"

शेठनं तंगडी वर केली आणि फ्रिजच्या पायावर रात्रभराचं सगळं सोडलं.

"आई, परत?" योगिनीनं मिक्सर बंद करून विचारलं.

"नाय गो, पाणी सांडलं," हौसाबाई म्हणाली. हे पाणी मे महिन्यापासून जवळजवळ रोज सांडत होतं.

शेठ हे कुत्र्याचं नाव कसं, असं नवीन माणूस विचारायचाच. हौसाबाईचा नवरा रघू तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. मिरकरवाड्याच्या बंदरातून मासेमारीची बोट घेऊन निघायचा, आठ-दहा दिवसांनी परत यायचा. एकदा जेटीवर बर्फाच्या रिकाम्या खोक्यात त्याला हे पिल्लू सापडलं. ते बोटीवरच वाढलं. काम काही करायचं नाही, पण मासळी वर आली की सगळ्यात आधी हजर, आणि हिस्सा पहिला. म्हणून खलाशांनी नाव ठेवलं शेठ. बोटीच्या खऱ्या शेठला हे कळल्यावर तो महिनाभर बंदरावर फिरकला नव्हता म्हणतात.

मे महिन्यात रघू बोटीवरच गेला. छातीत कळ आली, किनारा गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. खलाशांनी त्याला आणलं, त्याची कपड्यांची पिशवी आणली आणि शेठला आणलं. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचा काळ तोंडावर होता, बोट किनाऱ्याला ओढली जाणार होती, खलाशी आपापल्या गावी जाणार होते. कुत्र्याचं काय करायचं, हे कुणी विचारलंही नाही. तो मेलेल्या माणसाच्या मागोमाग घरात शिरला आणि राहिला.

समाचाराला माणसं यायला लागली तेव्हाच शेठनं आपले गुण दाखवले. रघूची वहिनी सावित्री आली, दारातूनच हौसाच्या गळ्यात पडली आणि तिच्या नावानं हंबरडा फोडला. शेठनं सावित्रीच्या पिशवीवर धार धरली. दुसऱ्या दिवशी माहेरच्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्या रडल्या, शेठनं सतरंजी भिजवली. लोक हळहळले. मुक्या जनावराला दुःख आवरत नाही, बघा. एका म्हातारीनं तर भिजलेल्या सतरंजीवरूनच त्याला जवळ घेतलं. सुतक फिटलं तरी शेठचं दुःख काही आवरेना, तेव्हा मग लोकांची हळहळ कमी झाली.

आणि दहाव्याला एक घोटाळा झाला तो वेगळाच. पिंडाला कावळा शिवेना. संदेशनं हात जोडून सगळं कबूल केलं. आईला अंतर देणार नाही. घराला रंग काढतो. देवळाला द्यायचं राहिलंय ते देतो. कावळे समोरच्या माडावर बसून ऐकत होते, खाली येत नव्हते. ऊन चढलं, भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी घाम पुसता पुसता संदेश बोलून गेला, बाबा, तुमच्या शेठला पण सांभाळतो. कावळा असा झेपावला की भटजींचं उपरणं उडालं.

शब्द दिला गेला. आता प्रयत्न सुरू झाले.

योगिनी बालवाडीत शिकवायची. गावातल्या अर्ध्या पोरांना 'बाई, शू' म्हणायला तिनंच शिकवलेलं, त्यामुळे तिला आत्मविश्वास होता. तिनं मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या तज्ज्ञाचे व्हिडिओ बघितले. वर्तमानपत्र पसरून ठेवलं, त्यावर शेठ रोज दुपारी झोपायला लागला. कुत्र्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठं कुत्रं आहे, धीर धरा, बाहेर केलं की लगेच शाबासकी आणि खाऊ द्या. सल्ला उत्तम होता. पण शाबासकी द्यायची तर त्यानं आधी बाहेर करायला हवं होतं, आणि तो तर बाहेर काही करत नव्हता. शेजाऱ्यांनी फ्रिजच्या कोपऱ्यात मिरचीपूड टाकायला सांगितली. सगळं घर दोन दिवस शिंकत होतं, शेठ सोडून. संदेशला वाटलं, कुकरच्या शिट्टीला हा दचकतो. मग काही दिवस भात उघड्या पातेल्यात शिजला. योगिनीला वाटलं मिक्सर. मग चटणी पाट्यावर वाटली गेली, आणि वाटणारी अर्थात हौसाबाई. शिट्टी नाही, मिक्सर नाही, तरी फ्रिजचा पाय गंजत चालला होता. सकाळचा जनीचा फोन तेवढा चालू होता. फोनचा संशय कुणाला कसा यावा?

मग कुणीतरी सांगितलं, नाक घासा त्याचं त्यात. संदेश ऑफिसचे कपडे घालून तयार होता, रागात गेला, शेठची मान पकडली, आणि ओल्या लादीवर त्याचाच पाय सरकला. नाक कुणाचं घासलं गेलं हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. पण त्या संध्याकाळी कमरेला शेकाची पिशवी धरून त्यानं केरूला फोन केला. केरू म्हणजे रघूच्या हाताखालचा जुना खलाशी. आता बोटीवर तोच तांडेल होता. बंदी उठली की बोट निघेल तेव्हा शेठला घेऊन जा, एवढंच संदेश बोलला.

हौसाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"कावळ्याला शब्द दिलायस तू," ती म्हणाली.

संदेश विम्याच्या ऑफिसात कामाला होता. शब्दातून वाट कशी काढायची हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. सांभाळतो म्हटलं होतं, घरात सांभाळतो म्हटलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं. बोटीवर तो इथल्यापेक्षा सुखात राहील, तिथं त्याला कोण रागावणार आहे.

हौसाबाईनं पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त दिवस हा त्यांच्याबरोबर ऱ्हायलाय रे."

संदेशनं शेकाची पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

ते खरंच होतं. लग्न झालं तेव्हापासून रघू समुद्रावर. परत आला की दोन दिवस झोपायचा, पानावर असेल ते निमूट जेवायचा आणि निघायचा. तो बोटीवर काय करतो, कुणाशी बोलतो, कशाला हसतो, यातलं हौसाबाईला काही ठाऊक नव्हतं. त्याचे खारट कपडे तेवढे तिला ओळखीचे होते, ते तीच धुवायची. घरात हाक मारायची वेळ आलीच तर तो 'अगो' म्हणायचा, नाहीतर भिंतीकडे बघून बोलायचा आणि भिंतीनं ते हौसाबाईला सांगायचं. तिनं तर त्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तेव्हाच्या माणसांत तसंच असायचं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पण शेठ घरी आला आणि तिला काहीबाही दिसायला लागलं. तो बसायचा तेव्हा चारही पाय फाकवून, जमीन आता कलंडेल अशा बेतानं बसायचा. रघू जेवायला तसाच मांडी पसरून बसायचा. वारा फिरला की शेठ उठून नाक वर करायचा. रघू पण करायचा. दुपारी घरात कुणी नसताना ती शेठला विचारायची, काय रे, तुझ्याशी तरी बोलायचे काय? शेठ शेपटी आपटायचा. बोलायचा, असंच त्याचं म्हणणं दिसत होतं.

म्हणून ती जास्त पहाटे उठायला लागली. जास्त लांब न्यायला लागली. पाऊस असो नसो, बंदराच्या उतारापर्यंत, देवळापर्यंत. एकदा तर तिनं त्याला जेटीवर नेलं, तिथला वास घेऊन तरी करेल म्हणून. शेठ ओढून ठेवलेल्या बोटींकडे बघत बसला. तिनं त्याला सांगितलं, बाबा रे, एकदाच कर बाहेर, एकदाच, मी सगळ्यांना बोलावून दाखवते. तो बसूनच राहिला. घरी आला, जनीचा फोन आला, फ्रिज भिजला.

केरू आला तो रविवारी. सुक्या बांगड्यांचा वाटा आणि एक नवी दोरी घेऊन. शेठनं त्याला बघून जे काही केलं ते बघवत नव्हतं. त्याच्या अंगावर चढला, दोरी तोंडात घेऊन घरभर पळाला, केरूच्या पायात लोळला. संदेश योगिनीकडे बघून म्हणाला, बघ, त्याला तिकडेच जायचंय. हौसाबाई चहा ठेवायला आत गेली आणि चहा उकळून उतू गेला तरी तिथंच उभी राहिली.

चहा झाला. संदेशनं फ्रिजचा पाय दाखवला. केरूला ते पटेचना. बोटीवर या जनावरानं कधी जाळ्यावर केलं नाही, मासळीवर केलं नाही, कधी कुठं केलं नाही. रोज एकदा, सकाळी, बोटीच्या मागल्या अंगाला. तांडेलाबरोबर जायचा, तांडेलाबरोबर यायचा.

मग तिथं नेमकं काय करायचे, योगिनीनं विचारलं. बालवाडीच्या बाईंचाच आवाज होता तो.

केरू लाजला. पन्नाशीचा माणूस, पण मान खाली घालून कप फिरवत बसला. तसं काय सांगण्यासारखं नाय, म्हणाला. सांग, हौसाबाई म्हणाली. ती एवढं एकच बोलली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

मग केरू सांगायला लागला. बोटीवर पुरुषमाणसं मागल्या अंगालाच मोकळी होतात, ते सगळ्यांना माहीत. तांडेल उजाडताना जायचा. पण जायच्या आधी यंत्रात बघायचा, रत्नागिरी कुठल्या बाजूला. किनारा दिसायचा नाही, नुसतं पाणी. तरी त्या बाजूला तोंड करायचा, एका हातानं दोर धरायचा, शेठ बाजूला. आणि मग हाक मारायचा.

"कुणाला?" संदेशनं विचारलं.

केरूनं कप खाली ठेवला. सांगून समजणार नाही असं त्याला वाटलं असावं. तो उठला, दोर समजून एका हातानं खिडकीचा गज धरला, फ्रिज ही रत्नागिरी धरली आणि दोन्ही पाय रोवून रघू तांडेलाच्या गळ्यानं ओरडला.

"हौसाऽऽ, उठलीस काय गो?"

शेठ लोळत होता तो उठला, केरूच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि मुतला. केरूच्या नव्या चपलेवर. सावकाश, समाधानानं, फ्रिजकडे तोंड करून.

फडकं आणायला कुणी गेलं नाही. संदेशनं उगाच कुकरकडे बघितलं. कुकर थंड होता. योगिनीच्या डोक्यात सगळं एकदमच जुळलं असावं, कारण तिनं टीपॉयवरचा सासूचा मोबाइल उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

केरू आता हळू बोलत होता. "आमी चिडवायचंव त्यांना, वैनी. काय तांडेल, काय बोलली? तर बोलायचे, उठली. चाय ठेवलीन. रोज. दर्या कसा पण असू दे."

"आणि त्या दिवशी?" हौसाबाईनं विचारलं.

केरूनं संदेशकडे बघितलं. सांगू की नको, असं.

"त्या दिवशी पण हाक मारलीन. आमी विचारलाव, काय बोलली. तर बोलले, आज ऐकू नाय आलं रे. आणि खाली बसले."

बाहेर गल्लीतून एक बाई कोलीम, म्हणजे बारीक जवळा, विकत गेली. तिचा आवाज पार लांब गेला. मग हौसाबाईनं स्वतःच फडकं आणलं, खाली बसली, लादी पुसली, केरूची चपलही पुसून उन्हात ठेवली. उठताना तिनं शेठच्या पाठीवर हात टेकला.

"चपला वाळल्या की जा तू, केरू," ती म्हणाली. "शेठ येत नाय."

नवी दोरी संदेशनं स्वतःच खुंटीला टांगली.

पण प्रश्न सुटला म्हणजे नवा निघालाच. आधी योगिनीनं केळशीला फोन करून समजावलं, मावशी, फोनवर आईंचं नाव घेऊ नका. जनी भयंकर संतापली. पाळण्यात नाव मी सांगितलंय तिचं, आता कुत्र्याला विचारून बोलू काय, म्हणाली. शेवटी नुसतं 'गो' म्हणायला कबूल झाली. म्हणजे आता घरात ते नाव कुणी घ्यायचं नाही असं ठरलं, आणि ठरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की तसंही ते घेणारं आता कोण उरलं होतं. संदेशची ती आई. योगिनीची आई. गल्लीची काकी.

आणि बाहेर मात्र कुणीतरी ते घ्यायला हवं होतं. पहिल्या सकाळी संदेश गेला. कमरेवर हात ठेवून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि 'हौ' म्हणून अडकला. शेठनं पाय अर्धा वर केला, थोडा वेळ वाट बघितली आणि खाली ठेवला. "आई, मला नाय जमणार तुझं नाव घ्यायला," संदेश घरी येऊन म्हणाला. योगिनीनं तर विचारायच्या आधीच कानाला हात लावला. रेशनकार्डापासून दवाखान्यापर्यंत सासूचं नाव ती शंभरदा लिहून आली होती, पण तोंडानं घ्यायचं म्हणजे काय. तिनं उपाय सुचवला, जनीमावशीचा आवाज फोनवर भरून घेऊ आणि गल्लीच्या टोकाला वाजवू.

"नको," हौसाबाई म्हणाली. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती शेठला घेऊन निघाली. पाऊस उघडला होता. गल्लीच्या टोकाला गडग्याशी उभं राहिलं की खाली बंदर दिसतं, कौलं, मग बोटी, मग पाणी. बंदी उठली होती. इंजिनांची धडधड वरपर्यंत ऐकू येत होती, आणि एकामागून एक बोटी बाहेर पडत होत्या. केरूची त्यातली कुठली, ते तिला ओळखू आलं नाही.

"हौसा," ती म्हणाली. दवाखान्यात नाव सांगतात तशी. शेठनं तिच्याकडे बघितलं.

"हौसा," तिनं परत म्हटलं. या वेळी जरा मोठ्यानं, पण लाजून. बाजूच्या घरातली कडी वाजली तशी ती गप्प झाली. शेठ बसला.

तिनं पदर खोचला. गडग्याच्या एका चिऱ्याला घट्ट धरलं. तो कसा म्हणत असेल ते तिला कुठं माहीत होतं, केरूनं म्हटलं तेवढंच. पण लांबच्या माणसाला, दिसत नाही अशा माणसाला हाक कशी मारतात, हे तिला माहीत होतं. आजवर तशी मारली नव्हती, एवढंच.

"हौसाऽऽ," ती ओरडली, "उठलीस काय गोऽ?"

आवाज कौलांवरून खाली गेला. खालच्या वाटेनं टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली आणि वर बघायला लागली. शेठ उठला. शांतपणे पुढं गेला, वाढदिवसाच्या फ्लेक्सचा बांबू त्यानं पसंत केला, आणि हात जोडून हसणाऱ्या माणसाच्या फोटोखाली तंगडी वर केली.

"कुणाक हाक मारतंस गो?" खालून कोळणीनं विचारलं.

शाबासकी द्यायचीही हौसाबाईला आठवण राहिली नाही. शेठचं झालं, त्यानं मागच्या पायांनी माती उडवली, घराच्या दिशेनं चार पावलं गेला आणि वळून बघितलं. ती अजून बंदराकडेच बघत उभी होती. शेवटची बोट दगडी बांधाच्या बाहेर पडून लहान लहान होत होती.

"उठले," ती म्हणाली. अगदी हळू. कोळणीलाही ऐकू गेलं नसेल. "कधीचीच उठलेय हो."